तुम्ही विचारलंत म्हणून: जोडप्यांशी बोलायला डॉक्टरेट कशाला?

"जोडप्यांशी बोलायला डॉक्टरेट कशाला लागते?" मी कपल आणि फॅमिली थेरपीत, म्हणजे जोडप्यांच्या आणि कुटुंबांच्या समुपदेशनात, डॉक्टरेट करतेय म्हटलं की नात्यातले विचारतात, पूर्वी बरोबर काम केलेले विचारतात, पहिल्यांदाच भेटणारेही विचारतात. त्याला जोडून आणखी दोन प्रश्न ठरलेले असतात. "आत्तापर्यंत किती संसार वाचवलेत?" आणि "तुमचं स्वतःचं लग्न झालंय का?" बरीच वर्षं मी हसून वेळ मारून नेली. आता एकदा लिहूनच टाकते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. जे दोघं माझ्यासमोर येऊन बसतात त्यांना ते विचारायचा हक्क आहे, त्यांनी विचारलं तर मी सांगते. इतरांना काय करायचंय? थेरपिस्टच्या घराचा आणि तिच्या कामाचा काही संबंधच नसतो, असं मात्र मी म्हणत नाही. मरे बोवेन हे फॅमिली थेरपीच्या पहिल्या पिढीतलं मोठं नाव. १९६७ मध्ये एका परिषदेत ते इतरांच्या केसेस सोडून स्वतःच्याच कुटुंबाबद्दल बोलले. घरातल्या ताणाताणीत न ओढलं जाता कसं वागायचा प्रयत्न केला, हे त्यांनी मांडलं. १९७२ मध्ये ते छापून आलं तेव्हा लेखक म्हणून 'अनामिक' एवढंच होतं. आम्हालाही आपापल्या घराच्या तीन पिढ्यांचा जीनोग्राम, म्हणजे माणसांचा आणि त्यांच्यातल्या नात्यांचा नकाशा, काढायला लावतात आणि त्यावर वर्गात बोलायला लावतात. त्यामुळे घरचं काही विचारू नका असं मला म्हणायचं नाही. कुठे आणि कुणी विचारायचं, एवढंच.

आता मूळ प्रश्न. लागत नाही. अमेरिकेत या व्यवसायाला स्वतंत्र परवाना आहे, तो मास्टर्स आणि देखरेखीखाली केलेल्या कामाच्या तासांवर मिळतो, डॉक्टरेटची अट नाही. माझ्या ओळखीतले उत्तम थेरपिस्ट मास्टर्सवर थांबलेले आहेत आणि त्यांच्या हाताखाली मी शिकले आहे. पीएचडी झाली की समोरच्या दोघांशी जास्त गोड किंवा जास्त शहाणं बोलता येतं, असा दावा मी करणार नाही.

तरी मी करतेय, कारण या क्षेत्राचा इतिहास वाचून मला धडकी भरली. १९४८ मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी 'स्किझोफ्रेनियाला कारण ठरणारी आई' अशा अर्थाचा शब्द वापरला. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा डबल बाइंडचा सिद्धांत आला: घरात सतत परस्परविरोधी संदेश मिळाले, काहीही केलं तरी चूकच ठरलं, की त्या कोंडीचा स्किझोफ्रेनियाशी संबंध असतो. घरातल्या बोलण्याचालण्याकडे पाहण्याची नवी दृष्टी त्यातून मिळाली, हे खरंच आहे. पण त्या काळात कितीतरी आया मुलाचा आजार आपल्यामुळेच आला असं ऐकून घरी गेल्या. सांगणारी माणसं हुशार होती, अनुभवी होती, रुग्णांबद्दल त्यांना कळवळाही होता. आपण म्हणतो ते कशावरून, हे तपासायची सक्ती त्यांच्यावर नव्हती. "अनुभव आहे ना, मग अभ्यास कशाला?" असं कुणी म्हणालं की मला त्या आया आठवतात. दोन माणसांच्या घरात शिरून बोलायची मुभा मिळते तेव्हा "कशावरून?" हा प्रश्न आपणच आपल्याला विचारायला हवा, आणि तो विचारायची रीत शिकावी लागते. ती शिकायला मी इथे आले.

"किती संसार वाचवलेत?" याचं उत्तर या रीतीतूनच देते. अँड्र्यू क्रिस्टेनसेन आणि त्यांच्या गटाने दीर्घकाळ त्रासात असलेल्या १३४ जोडप्यांना दोन प्रकारच्या कपल थेरपी दिल्या आणि पुढे पाच वर्षं त्यांचा माग ठेवला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष ढोबळमानाने असे: पाच वर्षांनी जवळपास निम्म्या जोडप्यांची स्थिती सुरुवातीपेक्षा ठळकपणे सुधारलेली होती, आणि साधारण पाव जोडपी वेगळी झाली होती किंवा त्यांचा घटस्फोट झाला होता. नावाजलेल्या लोकांनी, काळजीपूर्वक प्रशिक्षण दिलेल्या थेरपिस्टांकरवी केलेल्या कामाची ही कथा. वेगळी झालेली ती सगळी जोडपी म्हणजे अपयश, असंही मला म्हणता येत नाही. काही माणसं वेगळी झाल्यावर पहिल्यांदा शांत झोपतात. त्यांना कुठल्या रकान्यात घालू?

हे मी प्रवेशाचा अर्ज लिहिताना मला सांगितलं असतं तर मी भांडले असते. अर्जात मी लिहिलं होतं, "मला तुटणारी घरं सांधायची आहेत." त्या मुलीला मी नावं ठेवणार नाही. तिला घर म्हणजे काय ते कळत होतं आणि तिची तळमळ खरी होती. पण तिच्या वाक्यात घर ही एकच वस्तू होती. आत दोन माणसं आहेत, दोघांना ते घर वेगवेगळं दिसतं, आणि ते कुणाच्या शब्दांत लिहायचं यावरूनच भांडण पेटतं, हे त्या वाक्यात कुठे होतं? ती मला उलट विचारेल, "मग तू काय सांधतेस?" यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

आता जे सांगायला मी हे लिहायला बसले ते सांगते. माझ्या थिसिससाठी मी जोडप्यांच्या मुलाखती घेत होते. पद्धत अशी की आधी दोघांची एकत्र मुलाखत, मग प्रत्येकाची वेगळी, सोबत प्रश्नावल्या. त्यातली एक ग्रॅहम स्पॅनियर यांची, १९७६ पासून वापरात असलेली, ३२ प्रश्नांची, जोडप्याचं आपसात किती जमतं हे मोजणारी. संमतीपत्रावर दोघांच्या स्वतंत्र सह्या. त्यात लिहिलेलं होतं की विश्लेषण सुरू होईपर्यंत कुणालाही, कधीही, कारण न देता अभ्यासातून बाहेर पडता येईल आणि दिलेली माहिती परत घेता येईल. हे वाक्य प्रत्येक संमतीपत्रात असतं. मी ते मनापासून लिहिलं होतं.

एका जोडप्याच्या मुलाखती झाल्यानंतर काही महिन्यांनी ते दोघं वेगळे झाले. मग त्याचा फोन आला. माझं सगळं काढून टाका, म्हणाला. चिडलेला नव्हता, थकलेला वाटला. कारण विचारायचं नसतं, मी विचारलं नाही. वैयक्तिक मुलाखत आणि प्रश्नावली काढणं सोपं होतं. एकत्र मुलाखतीचं काय करायचं?

मी तिला कळवलं. तिचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. ते तिच्या परवानगीने इथे देते: "माझी एकटीची मुलाखत हवी तर काढून टाका. एकटीने बोललेलं मी कुणालाही सांगू शकते, सांगितलंही आहे. त्याच्यासमोर मी जे बोलले ते ठेवा. तसं मी आयुष्यात एकदाच बोलले."

मी प्रयत्न केला. ट्रान्सक्रिप्टमध्ये डावीकडे बोलणाऱ्याची खूण असते, त्याच्या खुणेच्या सगळ्या ओळी काढल्या. उरलं ते असं: "हो." "नाही, ते नंतर." "थांब ना, मला बोलू दे." "तसं नाही म्हणायचं मला." मग दीड पान काहीच नाही, आणि मग पुन्हा "हो". तिचं बोलणं त्याच्या बोलण्यावर उभं होतं. ते काढल्यावर ती कशाला हो म्हणते, कशाला नाही म्हणते, काही कळेना. आणि जिथे कळत होतं तिथे वेगळीच अडचण. एक ओळ अशी होती की ती ठेवली तर त्याचं काढलेलं वाक्य तिच्यातून जसंच्या तसं वाचता आलं असतं. ती ओळ मी इथे देत नाही. पण ती ओळ टिकावी म्हणूनच ती सगळं ठेवायला सांगत होती, हे मला तेव्हाच कळलं.

मी गाईडकडे गेले आणि बराच वेळ तिची बाजू मांडत राहिले. ती कशी बोलली, तिला काय वाटतं, आपल्या अभ्यासाचा हेतूच कसा हा आहे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझं मत मला कळलं. संमतीपत्रात काय लिहिलंय ते वाचून दाखव." मी वाचून दाखवलं. नंतर एथिक्स कमिटीचंही तेच आलं: एकत्र मुलाखतीचं रेकॉर्डिंग आणि ट्रान्सक्रिप्ट नष्ट करावं, तिची वैयक्तिक मुलाखत तिची इच्छा असल्यास ठेवावी. मी रेकॉर्डिंग पुसलं, ट्रान्सक्रिप्ट पुसलं, तशी नोंद केली, सही केली. तिला कळवलं. तिने आपली वैयक्तिक मुलाखतही काढून घेतली. कारण दिलं नाही, आणि मी विचारलं नाही.

निर्णय योग्य होता. हे मी आजही कुणासमोरही सांगेन. त्याने आम्हाला जे दिलं ते शब्दावर विश्वास ठेवून दिलं होतं. नात्यात काय घडलं याचा निवाडा करून मी त्याचा हक्क कमी-जास्त करायला लागले, तर उद्या कुणीही कुठल्याही संशोधकासमोर तोंड उघडू नये. हे लिहिताना माझा हात कापत नाही. तरीही तिचं पत्र मला बरोबर वाटतं. तिने जे मागितलं ते तिचंच होतं.

या पेचाला आमच्या क्षेत्रात जुना वाद आहे. इटलीतल्या मिलानमधल्या फॅमिली थेरपिस्टांच्या गटाने १९८० मध्ये तटस्थतेबद्दल लिहिलं. थेरपिस्टने असं वागावं, की बैठक संपल्यावर घरच्यांना विचारलं ती कुणाच्या बाजूची होती, तर कुणालाच सांगता येऊ नये. मी हे शिकले, आणि शिकवायची पाळी आली तेव्हा शिकवलंही. त्याच्या आधीच, १९७८ मध्ये, रेचल हेअर-मस्टिन यांनी स्त्रीवादी बाजूने फॅमिली थेरपीची झडती घेतली होती. त्या अंगाने होत आलेली टीका अशी: घरातले दोघं मुळात समान पायरीवर नसतील, तर मध्ये बसून दोघांना सारखं मोजणं म्हणजे आहे ती पायरी तशीच ठेवणं. आमच्या नियमाने दोघांना सारखा हक्क दिला. त्यातला काढून टाकण्याचा हक्क पूर्ण वापरता आला, ठेवण्याचा हक्क मुळीच वापरता आला नाही. पण हेच उलटं घडलं असतं तर? तिने 'पुसा' म्हटलं असतं आणि त्याने 'ठेवा', तर मी त्याच्यासाठी गाईडकडे इतका वेळ बोलत बसले असते का? बसले नसते, असं मला वाटतं. म्हणजे मी तिथे तटस्थ नव्हते. तटस्थ असायला हवं होतं का, यावर माझं मत सकाळी एक असतं आणि रात्री दुसरं.

मग म्हणतात, यासाठी डॉक्टरेट कशाला? क्लिनिकमध्येही हे कळलंच असतं. कळलं असतं, थोडंफार. पण तिथे पुढच्या तासाला पुढचं जोडपं येतं, आणि यायलाच हवं. इथे मला एकाच पेचावर इतके दिवस थांबायला मिळालं, त्यावर नियम काय असावा हे विचारायला मिळालं, आणि उत्तर लेखी द्यावं लागतंय, ज्यावर माझ्यापेक्षा जास्त शिकलेली माणसं आक्षेप घेतील. मला हे हवं होतं. यात वर्षं गेली, घरच्यांच्या कार्यांना जाता आलं नाही, बरोबरीचे कुठल्या कुठे गेले. तरी हवं होतं. हे समजावून सांगताना दरवेळी माझा आवाज चढतो त्याबद्दल माफ करा, पण "एवढं काय त्यात" हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय.

थिसिसच्या पद्धतीच्या प्रकरणात या घटनेवर, ओळख पटणार नाही अशा रीतीने, एक भाग आहे. तो परिशिष्टात टाका अशी सूचना आली आहे. मी नाही म्हटलंय, त्यावर बोलणं चालू आहे. दरम्यान पुढच्या अभ्यासाचं संमतीपत्र लिहायला घेतलंय. एकत्र मुलाखतीपुढे दोन पर्याय मांडलेत. एक, दोघांपैकी कुणीही माघार घेतली तर सगळं पुसलं जाईल, आणि हे सही करण्याआधी दोघांना मोठ्याने वाचून दाखवायचं. दुसरा, माघार घेण्याची मुदत मुलाखतीनंतर थोडीच, आणि त्यानंतर ती मुलाखत दोघांची, एकट्या कुणाचीच नाही. पहिल्यात ती हरते. दुसऱ्यात तो. दोन्ही मसुदे कमिटीकडे पाठवतेय.