इन्सुलिनचा अर्धा तास कुठल्या संपर्कांत दडलाय? आतापर्यंतची नोंद

प्रथिनांच्या रचनांच्या फायली संगणकात उघडून कुठले अणू एकमेकांना टेकतात, म्हणजे त्यांचे संपर्क, हे मोजायचं काम मी करतोय. लायसोझाइम या प्रथिनावर हात बसल्यावर मी इन्सुलिन हाती घेतलं, आणि त्याचं कारण माझ्या धंद्यातच आहे. खानापुरात माझं मेडिकल आहे. जांबोटी-कणकुंबीकडची माणसं थर्मासमधून इन्सुलिन नेतात. मराठीत विचारोत नाहीतर कन्नडमध्ये, प्रश्न ठरलेला असतो: टोचल्यावर जेवायला किती वेळ थांबायचं? रेग्युलर इन्सुलिन असेल तर अर्धा तास, लिस्प्रो हे झटपट काम करणारं इन्सुलिन असेल तर टोचा आणि ताटावर बसा, हे आम्ही रोज सांगतो. दोन्हीत अमिनो आम्लं तीच ५१, ए साखळीत २१ आणि बी साखळीत ३०. फरक फक्त बी साखळीच्या शेपटाकडे आहे. मानवी इन्सुलिनमध्ये २८वं प्रोलिन आणि २९वं लायसिन, लिस्प्रोत त्यांची अदलाबदल. एवढ्याशा बदलानं अर्धा तास कसा वाचतो, हे संपर्क मोजून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. बाटलीत इन्सुलिन सुटं नसतं. दोन रेणूंची जोडी, अशा तीन जोड्या जस्ताभोवती येऊन सहांचा गट. कातडीखाली गेल्यावर हा गट सुटून जोड्या, जोड्या सुटून एकेक रेणू झाला की तो भराभर रक्तात उतरतो. म्हणजे आपल्याला बघायचे आहेत ते एका रेणूच्या आतले नव्हे, दोन रेणूंमधले संपर्क.

सुरुवात पीडीबी या प्रथिनरचनांच्या खुल्या साठ्यातल्या ४आयएनएस या फाईलपासून केली. डुकराचं इन्सुलिन, १.५ अँगस्ट्रॉम रिझोल्यूशन (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). मानवी इन्सुलिनपेक्षा यात एकच रेसिड्यू (साखळीतलं अमिनो आम्ल) वेगळं, बी३०ला म्हणजे बी साखळीत ३०व्या जागी थ्रिओनिनच्या जागी ॲलानिन, त्यामुळे आपल्या कामाला चालतं. या रचनेमागचा काळ बघितला की छाती दडपते. डोरोथी हॉजकिननी इन्सुलिनच्या स्फटिकाची पहिली क्ष-किरण छायाचित्रं १९३५च्या सुमारास घेतली आणि रचना हाती लागली १९६९ला. त्या १९६९च्या चमूत एम. विजयन होते, जे नंतर बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि आयुष्यभर प्रथिनांच्या स्फटिकांवर काम करत राहिले. त्याच संस्थेत १९७१ला जी. एन. रामचंद्रन यांनी मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट उभं केलं. आपण ज्याला रामचंद्रन आलेख म्हणतो तो १९६३चा नकाशा मुळात संपर्कांच्याच हिशोबातून निघालाय. बंधानं न जोडलेले दोन कार्बन साधारणपणे ३.२ अँगस्ट्रॉमपेक्षा जवळ येऊ द्यायचे नाहीत, फार ताणलं तर ३.० पर्यंत, अशा मर्यादा धरून प्रथिनाच्या साखळीत कुठले कोन शक्य आहेत ते त्यांनी काढलं. आपण आज संगणकावर जे करतो त्याचं मूळ आपल्याच देशात रुजलंय याचा मला फार अभिमान वाटतो.

आता संपर्क कशाला म्हणायचं? निपाणीचे आमचे एक सर रसायनशास्त्र शिकवतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, बीटा-कार्बनमधलं अंतर आठ अँगस्ट्रॉम धरा की. सगळे तेच धरतात." बीटा-कार्बन म्हणजे साखळीच्या कण्यातून बाजूला फुटणाऱ्या पार्श्वसाखळीचा पहिला कार्बन. ते खरंच आहे, आणि घडी कशी पडलीय हे बघायला ती व्याख्या उत्तम. पण प्रोलिन आणि लायसिनची अदलाबदल झाल्यावर बीटा-कार्बन जवळपास जागच्या जागीच राहतात, बदलतं ते पार्श्वसाखळीचं टोक. म्हणून मी हायड्रोजन सोडून सगळे अणू घेतले आणि दोन रेसिड्यूंचे कुठलेही दोन अणू ४ अँगस्ट्रॉमच्या आत आले तर संपर्क धरला. कार्बनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या १.७, दोघांची मिळून ३.४, वर थोडी सवलत. ४.५ धरणारेही आहेत. काहीही धरा, पण आकडा सांगताना मर्यादा सांगितल्याशिवाय तो आकडा कुणाच्या उपयोगाचा नाही.

नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पीडीबी फाईलची ओळ मोकळ्या जागांवर तोडून वाचू नका, रकाने मोजून वाचा. साखळीचं अक्षर २२व्या रकान्यात, अणूची जागा सांगणारे आकडे म्हणजे क्ष ३१ ते ३८, य ३९ ते ४६, झ ४७ ते ५४. उणे चिन्हाचा मोठा आकडा आला की दोन आकडे चिकटतात आणि तोडणी फसते. १७व्या रकान्यात अक्षर असेल तर तो अणू दोन ठिकाणी दिसलेला असतो. दोन्ही मोजले तर संपर्क फुगतात. बायोपायथन ही तयार प्रोग्रॅमांची जंत्री वापरणाऱ्यांना हे आयतं मिळतं, तरी एकदा फाईल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ओळीवर बोट ठेवून वाचावीच.

पहिली तपासणी डायसल्फाइडची, म्हणजे गंधक-गंधक बंधांची. ए६–ए११, ए७–बी७, ए२०–बी१९, या तिन्ही जागी गंधकाचे दोन अणू साधारण २.०५ अँगस्ट्रॉमवर सापडले पाहिजेत. ते सापडले तरच पुढचं मोजायचं.

मग जोडी. ४आयएनएसमध्ये ए-बी हा एक रेणू आणि सी-डी हा दुसरा. बी साखळी आडवी आणि डी साखळी उभी मांडून संपर्कांचा नकाशा काढला की एका कोपऱ्यात कर्णाला काटकोनात जाणारी छोटी पट्टी दिसते. बी२४ समोर डी२६, २५ समोर २५, २६ समोर २४. बेरीज प्रत्येक वेळी ५०. समांतर पण उलट्या दिशेनं धावणाऱ्या दोन बीटा पट्ट्यांची हीच खूण, आणि ती आकड्यांतून अशी उमटलेली बघताना मला कामाचा शीण वाटला नाही. इथे २४ आणि २६च्या कण्यामध्ये चार हायड्रोजन बंध आहेत. भोवती बी१२ व्हॅलिन, बी१६ टायरोसिन, बी२४ फेनिलॲलानिन, बी२६ टायरोसिन दाटीनं बसलेत.

बी२५चे संपर्क मात्र दोन्ही बाजूंनी सारखे येत नाहीत. प्रोग्रॅमवर शंका घेऊ नका. या स्फटिकात दोन रेणूंतलं २५वं फेनिलॲलानिन खरोखरच वेगवेगळ्या दिशांना वळलंय. कायमेरा-एक्स या रचना दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकावर एक ठेवून बघा, लगेच पटेल.

जस्ताचा भाग मला सगळ्यात आवडला. बी१०चं हिस्टिडिन जस्ताला धरतं, एका जस्ताला तीन. पण फाईलमध्ये मोजायला गेलं तर प्रत्येक जस्ताजवळ एकच हिस्टिडिन सापडतं, कारण फाईलमध्ये फक्त एक जोडी लिहिलेली असते आणि जस्त बरोबर तीनपदरी अक्षावर बसलेलं असतं. बाकीची दोन हिस्टिडिनं सममितीनं उभी करायची. फाईलमधल्या 'रिमार्क ३५०' या ओळींत त्यासाठीची कोष्टकं असतात. एकापेक्षा जास्त जुळण्या दिल्या असतील तर सहा रेणूंची निवडा. तशी रचना तयार केली की अक्षावरचं जस्त तीनदा एकाच जागी येतं आणि शून्य अंतराचे संपर्क दिसायला लागतात. एकच ठेवून बाकीची काढून टाका.

आता लिस्प्रो. त्याची रचना १एलपीएच. ती सरळ ४आयएनएसशी ताडून बघण्यात अर्थ नाही. लिस्प्रोच्या स्फटिकात फेनॉल आहे, आणि फेनॉलमुळे सहांपैकी तीन रेणूंत बी साखळीचं सुरुवातीचं टोक ताणलेलं न राहता वळून हेलिक्स (मळसूत्र) होतं. ४आयएनएसमध्ये ते सहाही ठिकाणी ताणलेलं आहे. मग पहिल्या आठ रेसिड्यूंत जो ढीगभर फरक दिसेल त्याचा लिस्प्रोशी संबंध नाही. म्हणून तुलनेला १टीआरझेड घेतली, मानवी इन्सुलिन, तीन-तीन अशाच घडणीचं.

या दोन फायली शेजारी ठेवल्यावर फरक फार थोडा उरतो. २४ ते २६चे हायड्रोजन बंध दोन्हीकडे आहेत, फक्त लिस्प्रोत त्यांतले दोन जरा कमकुवत. मानवी इन्सुलिनमध्ये बी२८चं प्रोलिन समोरच्या रेणूच्या बी२३ ग्लायसिनला टेकलेलं असतं, लिस्प्रोत तो संपर्क तुटलाय. इतकंच.

पण हे इतकंच पुरेसं आहे. लिस्प्रोची जोडी बांधण्याची ताकद मानवी इन्सुलिनच्या तुलनेत सुमारे ३०० पटींनी कमी असल्याचं मोजलं गेलंय. ३०० पट म्हणजे ऊर्जेत किती? ३००चा नैसर्गिक लॉगॅरिदम ५.७, त्याला ०.५९नं (खोलीच्या तापमानाला आरटी, किलोकॅलरीत) गुणलं की प्रत्येक मोलमागं जेमतेम ३.४ किलोकॅलरी येतात. मोजके संपर्क गेले तर एवढी ऊर्जा सहज जाते. संपर्कांची बेरीज करून दोन्ही जोड्या जवळपास सारख्याच म्हणणं म्हणूनच चूक ठरेल. यादीत कुठली ओळ गेली हे बघायला हवं. शिवाय स्फटिकात लिस्प्रोचा सहांचा गट टिकलेला दिसतो तो जस्त आणि फेनॉलच्या जोरावर. बाटलीतही जस्त असतं आणि फेनॉलच्याच जातीचा मेटाक्रेसॉल असतो. कातडीखाली तो पांगला की कमकुवत जोडी धरून ठेवायला काही उरत नाही.

पुढचं काम आस्पार्टचं, तेही झटपट काम करणारं इन्सुलिन. तिथे बी२८ला प्रोलिनऐवजी आस्पार्टिक आम्ल आहे, आणि त्याचा ऋण भार समोरच्या बी२१ ग्लुटामेटला ढकलतो. विद्युतभारांचं ढकलणं ४ अँगस्ट्रॉमच्या पलीकडेही चालतं, त्यामुळे इथे टेकलं-नाही टेकलं ही व्याख्या पुरणार नाही. दोन कार्बॉक्सिल गटांतली अंतरं सहाही ठिकाणी वेगवेगळी लिहून काढणार आहे. ग्लार्जिन या संथ इन्सुलिनला मी या मालिकेत घेणार नाही. त्याचा संथपणा बी साखळीच्या टोकाला जोडलेल्या दोन आर्जिनिनांमुळे येतो. ते कातडीखाली विरघळलेलंच राहत नाही, साका होऊन बसतं, आणि तो हिशोब विद्राव्यतेचा आहे.