अर्धी वाक्यं

आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात एकही वाक्य पूर्ण होत नाही. वाळूच्या खड्ड्याभोवतीच्या कट्ट्यावर आम्ही सहा-सात आया बसलेल्या असतो. बसलेल्या म्हणजे टेकलेल्या, एक पाय उठायच्या तयारीत. कुणीतरी म्हणतं, "अगं, त्यावर एकदम सोपा उपाय आहे," आणि तेवढ्यात तिचं पोर घसरगुंडी उलटी चढायला लागतं. ती पळते. उपाय कट्ट्यावरच राहतो.

माझी लेक अडीच वर्षांची आहे आणि तिला वाढवण्याचं माझं बहुतेक शिक्षण याच कट्ट्यावर झालंय. गुरूंची नावं विचाराल तर मला ती माहीत नाहीत. माझ्या फोनमध्ये त्या 'जुळ्यांची आई', 'निळी सायकल', 'रडका, बी विंग' अशा सेव्ह आहेत. मध्ये तीनेक महिने लेकीला चावायची फार हौस होती, तेव्हा मीही कुणाच्या तरी फोनमध्ये 'चावरी' असणारच.

तर निळ्या सायकलच्या आईने एका सोमवारी लेकीच्या फ्रॉककडे बघत विचारलं, "वरणाचा डाग ना? धुऊन झालं की सरळ..." आणि निळी सायकल गेटबाहेर निघाली. पुढचं मी घरी येऊन माझ्या बुद्धीने पूर्ण केलं. लिंबू चोळलं, खायचा सोडा चोळला, शेवटी ब्रश घेतला. डाग गेला नाही, फ्रॉकवरच्या बदकाचा डोळा गेला. उरलेलं वाक्य गुरुवारी मिळालं: "...उन्हात टाकायचं!" हळदीचा रंग उन्हाने उडतो. ओला कपडा दोन उन्हं खाऊ दिला की पिवळेपणा जातो. माझी आजी आयुष्यभर हेच करत होती, पण तिने ते कधी उपाय म्हणून सांगितलं नाही. आणि मीही कधी विचारलं नाही.

अर्धं ऐकलेलं महागात पडू शकतं हेही तिथेच कळलं. लेकीच्या मागच्या दाढा येत होत्या, दिसेल ते चावणं चाललं होतं. एकजण म्हणाली, "गार गाजर द्यायचं चघळायला..." मी त्याच रात्री गाजर सोलून फ्रिजमध्ये ठेवलं. नशीब माझं, सकाळी ती लिफ्टमध्ये भेटली. "...असं आमच्याकडे पूर्वी करायचे, पण आता डॉक्टर नको म्हणतात. तुकडा मोडून घशात अडकतो." मी त्या गाजराची कोशिंबीर केली आणि लेकीला फ्रिजमधलं गार ओलं फडकं दिलं.

या बाबतीत जुळ्यांची आई फार पक्की. तिने हा विषय काढला तेव्हा आधी दोन्ही पोरांच्या कॉलरी धरल्या आणि मगच बोलली. द्राक्ष अख्खं द्यायचं नाही, उभं चिरून चार फोडी करायच्या. शेंगदाणे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खे नाहीतच, कूट घालायचं. खाताना पळायचं नाही, हसवायचं नाही. कट्ट्यावर मी पूर्ण ऐकलेलं हे एकमेव भाषण.

(सासूबाईंची वाक्यं मात्र नेहमी पूर्ण असतात, तीच अडचण आहे. लेक जन्मली तेव्हा मधाचं बोट लावण्यावरून जे वाक्य सुरू झालं ते, वर्षाच्या आत मध नको, असं डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितल्यावरच थांबलं.)

काही उपाय पूर्ण मिळूनही अर्धेच चालतात. औषधाची सिरिंज जिभेवर न सोडता गालाच्या आत, थोडी थोडी सोडायची, हा चालला. रोज चालतो. चपला उलट्या घालू नयेत म्हणून वाघाचा स्टिकर मधोमध कापून एकेक अर्धा दोन्ही चपलांत चिकटवायचा, जोडले की वाघ पूर्ण होतो. हा इतका चालला की लेक दर पाच मिनिटांनी चपला काढून वाघ बघत बसते. आणि "जेवतेस का?" असं न विचारता "लाल वाटीत जेवतेस की स्टीलच्या?" असं विचारायचं, हा नऊ दिवस चालला. दहाव्या दिवशी ती म्हणाली, "हिरव्या." आमच्या घरात हिरवी वाटी नाही.

मोबाईलच्या विषयावर मात्र पोरं शहाण्यासारखी खेळत असली तरी वाक्यं अर्धीच राहतात. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन अजिबात नाही, पुढे पाचपर्यंत फार तर तासभर, हा बालरोगतज्ज्ञांचा नियम आम्हा सगळ्यांना पाठ आहे. "आमच्याकडे तर फक्त जेवताना..." असं म्हणून प्रत्येकजण उगाच झोपाळ्याकडे बघते.

पण मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट यातल्या कुणीच सांगितली नाही. एकदा लेकीने गेटपाशी अंग टाकून दिलं. घरी जायचं नाही, चालायचं नाही, उचलून घ्यायचं नाही. मी कंबरेवर हात ठेवून समजावत होते, वॉचमन हसत होता. रडक्याला सांभाळणाऱ्या मावशी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, खाली बसा. आपण उभं राहिलं की ते आणखी मोठ्यांदा रडतं." मी बसले. चांगल्या सलवारीवर, धुळीत. काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिने नाक माझ्या ओढणीला पुसलं आणि मुंगी दाखवली.

परवा कट्ट्यावर एक नवी आई आली, कडेवर वर्षभराचा मुलगा. डोळ्यांखाली काळं. "रात्री झोपतच नाही हो. तुम्ही काय करायचात?" मी अनुभवी चेहरा केला. "एक करून बघ. आधी दिवा मंद कर, आणि मग..." खड्ड्यातून आवाज आला, "आई, शीऽऽ!" मी धावले. परत आले तर ती गेली होती.

काल ती लांबूनच हात हलवत आली. "अहो, झोपला की! तुम्ही सांगितलंत अगदी तस्संच केलं."

"म्हणजे नेमकं काय केलंस?"

"काही नाही हो, आधी दिवा मंद केला, आणि मग..." म्हणता म्हणता तिने वळून पाहिलं. तिचा मुलगा मूठभर वाळू तोंडाकडे नेत होता.