आप्पांचा खांदा आणि एकच रॉड

फेब्रुवारीतला सोमवार. शटर वर करून उदबत्ती लावली तोच आप्पा दुकानात शिरले आणि रुमालात गुंडाळलेले मासे धरायच्या रॉडचे दोन तुकडे त्यांनी काउंटरवर ठेवले.

"भो, दीड वर्षापूर्वी तूच दिला होता. काल गिरणा धरणावर मोडला. मासा काही मोठा नव्हता, चार किलोसुद्धा नसेल."

आप्पा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. बरीच वर्षं चाळीसगाव-धुळे गाडीवर होते. पेन्शनीत भागवणाऱ्या माणसाचा रॉड मोडतो तेव्हा ती किरकोळ तक्रार नसते. त्यात मार्चमध्ये मुलगा त्यांना रत्नागिरीला नेणार होता, बोटीवरून जिगिंग करायला. आप्पांचं म्हणणं सरळ होतं. "एकच रॉड दे. इथे गिरणेवर चालला पाहिजे आणि तिकडे समुद्रातही. दोन घ्यायची ऐपत नाही."

माझं दुकान तसं जाळी, तंगूस, शिसं आणि फ्लोट यांचं. धरणावर पोट असलेली भोई, भिल मंडळी माझी जुनी गिऱ्हाइकं. रॉड-रील मी अलीकडे ठेवायला लागलो. आपल्याकडे बहुतेक जण कणकेचा गोळा लावून कटल्या-रोहूला बसतात, जिगचा नाद मोजक्यांना. जिग म्हणजे शिशाचा नाहीतर दुसऱ्या धातूचा माशासारखा तुकडा. त्याला जीव नाही, वास नाही. रॉड आणि रीलच्या हालचालीतून त्याला जिवंत माशासारखं नाचवायचं, म्हणजे शिकारी मासा धावून येतो. गोड्या पाण्यात शिवडा, मरळ, शिंगाळा. समुद्रात सुरमई, हेकरू. कटला त्याच्याकडे बघतही नाही.

नाचवायच्या तऱ्हा निरनिराळ्या, आणि दरेक तऱ्हेला वेगळा रॉड लागतो असं आमच्या धंद्यात सांगायची पद्धत आहे. ते खोटं नाही. लांब, निमुळता जिग खोल पाण्यातून झटके देत भराभर वर आणायचा तर आखूड आणि कडक रॉड हवा. चपटा, पानासारखा जिग सावकाश उचलून डोलत खाली सोडायचा, म्हणजे जपानच्या नोरिहिरो सातो यांनी रूढ केलेली स्लो पिच पद्धत, तर सडपातळ, भरपूर वाकणारा आणि तितकाच चपळपणे सरळ होणारा रॉड हवा. जिगहेडला, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळाला, रबराचा मासा लावून काठाच्या खडकांकडे फेकायचा तर लांब रॉड, कारण फेक लांबीवर मिळते. आप्पांना तिन्ही करायचं होतं. "दोन तरी घ्यावे लागतील" हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं.

पण आधी मोड बघितली. रॉड मुठीच्या फोमपासून वीतभर वर गेला होता. मला हे खटकलं. फेकताना जिग आदळून चीर गेलेला असेल किंवा बोटीशी आलेला मासा रॉड उभा करून उचलला असेल, तर रॉड बहुधा टोकाकडे जातो. इथे जाड भागात मोड होती, आणि एका बाजूचे कार्बनचे धागे चेंगरून पांढुरके पडले होते.

"आप्पा, मासा वर घेताना डावा हात कुठे होता?"

त्यांनी मुठीचा तुकडा उचलून दाखवलं. बूड मांडीला टेकवलं, उजवा हात रीलवर, आणि डावा हात फोम सोडून थेट वर, नळीवर. "असाच धरतो. उजवा खांदा आखडलाय ना, हात खांद्याच्या वर जातच नाही. मग वर धरून ओढावं लागतं."

रॉड ही मुठीपासून टोकापर्यंत बारीक होत जाणारी पोकळ नळी. मोठा जोर जाड भागाने घ्यायचा, बारीक भागाने तो तिकडे पोचवायचा. फोमच्या वर हात धरला की खालचा सगळा जाड भाग कामातून उठतो आणि सगळा ताण उरलेल्या नळीवर येतो. नळी गोलाची चपटी होते आणि फुटते. म्हणजे आप्पांच्या हातून चूक झाली खरी, पण त्या चुकीची वाट मीच करून दिली होती. मी त्यांना साडेपाच फुटी, कडक, आखूड मुठीचा रॉड दिला होता. लेबलवर जिगचं वजन 150 ग्रॅमपर्यंत लिहिलेलं. मोठा आकडा आहे, दोन्हीकडे चालून जाईल, असा हिशोब मी केला. गिरणेवर आप्पा 30 ग्रॅमचा जिग वापरतात. तेवढ्याने तो रॉड वाकायचाच नाही. मग जिग हलवायचं सगळं काम खांद्याला, आणि खांदा तर आधीच गेलेला. विकताना मी रॉडचं लेबल वाचलं, माणसाचा खांदा विचारला नाही. हे मला त्या दिवशी फार लागलं.

मंगळवारी दुकान भावाकडे दिलं. तीन रॉड, एक स्प्रिंगकाटा आणि डबा घेतला, आणि आप्पांना घेऊन गिरणेवर गेलो. 1969 मध्ये पूर्ण झालेलं हे धरण तालुक्याने नांदगावात, जिल्ह्याने नाशिकात. पण पाणी आमच्या खानदेशाचं, म्हणून आम्ही ते आमचंच मानतो. मच्छीमार संस्थेची पावती फाडली. ओळखीच्या भोई भाऊंनी होडी काढली.

होडीत बसायच्या आधी काठावर काट्याची परीक्षा केली. ही मी आता दुकानातही करतो. रॉडला रील लावायचं, दोरी सगळ्या गाईडमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांमधून, काढून काट्याच्या आकड्याला बांधायची, काटा झाडाच्या बुंध्याला अडकवायचा आणि रॉड आडव्यापासून थोडा वर, पंचेचाळीस अंशांच्या आतच ठेवून ओढायचं. पॉवर म्हणजे रॉड किती वजनाला वाकतो, अ‍ॅक्शन म्हणजे कुठून वाकतो. लेबलवर इंग्रजी अक्षरं असतात, पण एका कंपनीचा मीडियम दुसऱ्याच्या हेवीइतका निघतो. काटा मात्र सगळ्यांना सारखाच.

पहिला रॉड आप्पांच्या जुन्यासारखाच कडक. एक किलोला नुसतं टोक हललं, तीन किलोलाही मधला भाग सरळच. दुसरा स्लो पिचचा, बोटाएवढा सडपातळ. एक किलोला अर्धा वाकला, दोन किलोला मुठीपर्यंत कमान झाली. हा रॉड जिग नाचवण्यासाठीच केलेला असतो, मासा लागला की रॉड खाली करून ताण रीलवर घ्यायचा असतो. आप्पांची ओढायची सवय बघता मला त्याची धास्ती वाटली. तिसरा पावणेसात फुटी, रॉडखाली लटकणाऱ्या स्पिनिंग रीलचा. लेबलवर जिग 15 ते 60 ग्रॅम, दोरी पीई दीडपर्यंत. पीई हे गुंफलेल्या दोरीच्या जाडीचं जपानी माप. पीई एक म्हणजे साधारण 0.165 मिलिमीटर, पीई दोन म्हणजे 0.235. तिसरा रॉड एक किलोला वरच्या तिसऱ्या हिश्शात वाकला, दोन किलोला मध्यापर्यंत, आणि तीन किलोला जाड भाग हळूच कामाला लागला. काटा सोडला की टोक एकदा हलून लगेच शांत झालं. हे शांत होणं मी फार बघतो. टोक दोन-तीनदा थरथरत राहिलं तर पाण्यात जिगही थरथरत राहतो आणि दोरीवरची खबर हाताला कळत नाही.

मूठ मोजली. रीलपासून बुडापर्यंतचा दांडा आप्पांच्या काखेत नीट बसत होता. तेव्हाच माझ्या मनाने अर्धा कौल दिला होता.

जुन्या नदीपात्रावर होडी थांबवली. खोली चौदा मीटरच्या आसपास. वारा नव्हता, पाणी काचेसारखं. आधी पहिले दोन रॉड उरकले. कडक रॉडवर जिग दगडासारखा वर-खाली होत होता आणि दहा मिनिटांत आप्पांनी खांदा चोळायला सुरुवात केली. स्लो पिचच्या रॉडवर जिग सुंदर नाचला, पण रॉडच्या वर बसणाऱ्या ओव्हरहेड रीलवरून काठाकडे हलका जिगहेड फेकायला गेले तर दोरीचा गुंता. तो सोडवण्यात वीस मिनिटं गेली.

मग तिसरा. मी सांगितलं, "आप्पा, हात वर न्यायचाच नाही. दांडा काखेत. रॉड पाण्याला समांतर. रीलचं हँडल एक फेरा मारा आणि थांबा. रॉड वाकेल, मग स्वतःच सरळ होईल, आणि सरळ होताना जिगला वर फेकेल. तुम्ही फक्त थांबायचं." 30 ग्रॅमचा जिग त्या रॉडच्या क्षमतेच्या मधोमध बसत होता. फेरा मारला की टोक लवायचं, उसळी घ्यायचं, दोरी क्षणभर सैल पडायची, आणि खाली जिग आडवा होऊन पानासारखा झुलत उतरायचा. आप्पांचा उजवा हात छातीच्या खालीच. खांद्याला काहीच काम नाही.

भोई भाऊ वल्हं मांडीवर ठेवून बघत होते. त्यांनी आयुष्यभर जाळं टाकलेलं, रॉड कधी धरलेला नाही. मध्येच म्हणाले, "आप्पा, खाले जास तवयच मासा धरस." बहुतेक चावे जिग पडताना येतात, ही गोष्ट मी कितीतरी नवख्यांना समजावून थकलो आहे. भाऊंना ती दोरीकडे नुसतं बघून कळली.

त्यावर आप्पांनी जे केलं ते मला सुचलं नव्हतं. त्यांनी मोजायला सुरुवात केली. जिग सोडला की "एक, दोन, तीन". गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून नोकरी केलेला माणूस, घड्याळ बघितल्याशिवाय सेकंद मोजतो. जिग तळाला टेकायला चौदा आकडे लागत होते. दोनदा, तीनदा, चारदा चौदाच. पाचव्या वेळी ते मोजत असताना मी डब्यातली कळण्याची भाकरी काढत होतो.

"नऊ, दहा, अकरा... थांबनी भो!"

दोरी अकराला थांबली होती. झटका नाही, हिसका नाही, फक्त जायची ती थांबली. तळ अजून तीन आकडे खाली होता. कडक रॉडवर हे कळलं असतं असं मला वाटत नाही. आप्पांनी भराभर दोन फेरे मारले, अंग किंचित वळवलं, आणि रॉड मध्यापर्यंत वाकला.

त्यांचा डावा हात सवयीने वर सरकायला लागला. मी तो धरून फोमवर ठेवला. ड्रॅग, म्हणजे किती ओढ आली की रीलने दोरी सोडायची ते, मी सकाळी काट्यावर तीन किलोला लावला होता, दोरीच्या ताकदीच्या साधारण चौथा हिस्सा. मासा दोनदा तळाकडे गेला, दोन्ही वेळा रील सुटत राहिलं आणि आप्पा फक्त धरून उभे राहिले. होडीजवळ आल्यावर मी म्हटलं, रॉड उभा करू नका, मागे सरका. ते मागे सरकले, भाऊंनी जाळी खाली घातली. शिवडा होता. लांब मिशा, कानापर्यंत फाटलेलं तोंड, वरच्या जबड्यात गळ. काट्यावर साडेपाच किलो भरला.

आप्पांनी रॉड होडीत आडवा ठेवला आणि कितीतरी वेळ उजवा खांदा गोल फिरवून बघत राहिले. "दुखत नाही रे," म्हणाले.

दुपारनंतर काठाकडे 15 ग्रॅमचा जिगहेड फेकून बघितला. फेक बरी गेली, पण त्या वजनाला रॉड जेमतेम भरत होता. 40 ग्रॅमचा लांब जिग झटक्याने ओढून बघितला, तेही जमलं, कडक रॉडच्या सफाईने नाही. मी हे आप्पांपासून लपवलं नाही. तिन्ही कामांत हा रॉड पहिला नाही, पण तिन्ही कामं करतो आणि तुमच्या खांद्याला झेपतो. रत्नागिरीत 60 ग्रॅमच्या वर जायचं नाही. पाण्याला ओढ असली, जिगला तळ सापडेना झाला, तर वजन वाढवायचं नाही, कमी खोलीवर जायचं. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, तसं आधीच सांगून ठेवायचं. समुद्रासाठी दोरी नवीन पीई दीड, पुढे जिगला बांधायचा फ्लुरोकार्बनच्या तंगुसाचा तुकडा, म्हणजे लीडर, आणि बोटीवरून परतल्यावर रील आणि गाईड गोड्या पाण्याने धुवायचे. जुन्या रॉडची किंमत मी नव्यातून वजा केली. आप्पा नको म्हणत होते, मी ऐकलं नाही.

मार्चच्या शेवटी दुपारी फोन आला. मागे इंजिनाची घरघर, वारा. सकाळी ओढ फार होती, चाळीसपर्यंत मोजलं तरी तळ लागेना, मग तांडेलाने बोट खडकांच्या बाजूला, उथळावर नेली, असं ते ओरडून ओरडून सांगत होते. पुढचं वाऱ्यात नीट ऐकू येईना. मी दुकानाबाहेर येऊन परत विचारलं.

"हेकरू भो, हेकरू! तेवीसले थांबनी!"