लेडी मॅकबेथचे हात

आज सुट्टीचा अख्खा दिवस शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातला एकच प्रवेश वेगवेगळ्या चित्रपटांत बघण्यात गेला. पाचव्या अंकातला पहिला. नवऱ्याला राजाचा खून करायला लावणारी लेडी मॅकबेथ झोपेत चालत येते, हातावरचा न दिसणारा रक्ताचा डाग चोळत राहते आणि डॉक्टर व दासी तिला आडून बघतात.

दिग्दर्शक पोलान्स्कीच्या १९७१च्या चित्रपटात या प्रवेशातली लेडी मॅकबेथ, म्हणजे फ्रान्सेस्का अ‍ॅनिस विवस्त्र आहे. अनेकांना खटकतं ते. मला पटलं, कारण या बाईजवळ आता लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही.

पण कुरोसावाचा 'थ्रोन ऑफ ब्लड' (१९५७), 'मॅकबेथ'चं जपानी रूप! इथे डॉक्टर नाही. नवराच आत येतो आणि त्याला ती दिसते. इसुझु यामादा भांड्यासमोर बसून हात चोळतेय, चोळतेय, थांबतच नाही. चेहरा नोह या पारंपरिक जपानी नाटकातल्या मुखवट्यासारखा. चित्रपटभर ही बाई जवळजवळ हललेलीच नसते, म्हणून तर त्या हातांची तडफड बघवत नाही. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला.

जस्टिन कर्झेलच्या २०१५च्या चित्रपटात मारिओं कोतियार हात धुतच नाही. ओसाड चॅपेलमध्ये (छोट्या चर्चमध्ये) बसून हळू आवाजात बोलते, आणि मग कळतं की समोर तिचं मेलेलं बाळ आहे. नाटकात बाळाला अंगावर पाजल्याचा उल्लेख एका संवादात येऊन जातो, बस्स. त्या एवढ्याशा ओळीतून कर्झेलने अख्खी आई उभी केली. दिग्दर्शकाने नाटक इतकं बारकाईने वाचलेलं असलं की फार आनंद होतो.

तरी माझं मत यामादालाच. तुमचं कुणाला?