टाकीत श्वास कोण कोण घेतं? रेस्पिरोमीटरची पुढची नोंद

रेस्पिरोमीटर म्हणजे मासा किती ऑक्सिजन वापरतो ते मोजण्याचं यंत्र. आधी आकडा सांगून टाकतो. ४२ ग्रॅमचा गोल्डफिश, पाणी २५ अंश सेल्सिअस, दोन दिवस खाणं बंद, दिवे बंद. अशा रात्री तो वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण ८६ मिलिग्रॅम ऑक्सिजन वापरतो. हा त्याचा विसाव्याचा दर, म्हणजे नुसतं जिवंत राहण्याचा खर्च.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी यंत्राची रीत थोडक्यात. मासा पारदर्शक चेंबरमध्ये, चेंबर टाकीत बुडवलेलं. एक पंप टाकीतलं ताजं पाणी चेंबरमधून ढकलतो आणि थांबतो. मग चेंबर बंद. दुसरा छोटा पंप आतलंच पाणी डीओ प्रोबवरून (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा संवेदक) गोल फिरवत राहतो. ऑक्सिजन उतरत जातो, त्या उतारावरून दर काढायचा, पुन्हा ताज्या पाण्याने धुवायचं, पुन्हा बंद. रात्रभर हेच चालतं. बंद केल्यावरचं पहिलं दीड-दोन मिनिटांचं वाचन मी हिशेबात धरत नाही, कारण पाणी नीट मिसळेपर्यंत रेष वाकडीच असते.

आता हिशेब. उतार मिनिटाला ०.०५५ मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे तासाला ३.३. चेंबर आणि नळ्या मिळून १.२५ लिटर, त्यातून माशाने अडवलेली जागा वजा केली की १.२१ लिटर पाणी उरतं. पण या ३.३ मधले सगळे माशाचे नाहीत. मासा बाहेर काढून तेच चेंबर तसंच चालवलं, तरी तासाला ०.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर कमी होतच होते. ते जिवाणूंचे. म्हणून ३.३ वजा ०.३, गुणिले १.२१, भागिले ०.०४२. उत्तर ८६.

हे जिवाणू राहतात कुठे, तर बहुतेक नळ्यांत. छोट्या पंपाची नळी कापून आतून बोट फिरवलं की बुळबुळीत थर लागतो, तेच ते. मासा आत असताना हा थर वाढत जातो, त्यामुळे रिकाम्या चेंबरचं वाचन सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा असं दोन्ही वेळा घ्यावं आणि मधल्या तासांसाठी सरळ रेषेने वाढ धरावी. फक्त सुरुवातीचंच घेतलं तर पहाटेच्या आकड्यांत जिवाणूंचा खर्च माशाच्या नावावर चढतो. हा थर साफ करायला सौम्य ब्लीच, मग भरपूर पाणी, शेवटी उरलेलं ब्लीच मारायला सोडियम थायोसल्फेट. ब्लीचचा अंश राहिला तर कल्ल्यांची वाट लागते, तिथे घाई नको.

नळीवरून आठवलं. सिलिकॉनची नळी मऊ असते, हाताळायला सोपी असते आणि या कामाला नालायक असते. तिच्या भिंतीतून ऑक्सिजन आरपार जातो. पीव्हीसीची कडक नळी लावा, तीही जमेल तितकी आखूड.

आणि बुडबुडे! एक मिलिलिटर हवेत २५ अंशाला साधारण ०.२७ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. माझा मासा दहा मिनिटांच्या मोजणीत ०.६ मिलिग्रॅम वापरतो. म्हणजे झाकणाखाली एक मिलिलिटरचा बुडबुडा अडकला तर त्याच्यापाशी माशाच्या खर्चाच्या जवळजवळ निम्मा साठा असतो. तो सगळा लगेच विरघळत नाही हे खरं, पण जितका विरघळतो तितका उतार सपाट होतो आणि मासा उगाच काटकसरी दिसतो. मी चेंबर तिरकं धरून पाण्याखालीच भरतो, बाहेर जायची नळी सगळ्यात वरच्या टोकाला ठेवतो आणि टॉर्च मारून बघतो. एअर स्टोन, म्हणजे टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, धुण्याच्या पंपाच्या तोंडापासून लांब.

प्रोब ऑप्टिकल आहे. जुने इलेक्ट्रोड मोजता मोजता स्वतःच थोडा ऑक्सिजन खातात, हा खात नाही. तरी त्याच्यावर आंधळा विश्वास नको. शून्याची खूण सोडियम सल्फाइटच्या द्रावणात, शंभर टक्क्यांची खूण हवा भरपूर सोडलेल्या पाण्यात. त्यानंतर मी विंकलरची, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन रसायनांनी मोजण्याची, पद्धतही करून बघितली. १८८८ सालची पद्धत, पण अजून खणखणीत. बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घातलं की तपकिरी साका खाली बसतो, आम्ल घातलं की सगळं पिवळसर होतं, मग थायोसल्फेट थेंबाथेंबाने. स्टार्चमुळे आलेला गडद निळा रंग एका थेंबात उडतो, तो थेंब बघण्यासाठी तरी एकदा कराच. समुद्रसपाटीला २५ अंशाच्या गोड्या पाण्यात पूर्ण भरलेला ऑक्सिजन ८.२६ मिलिग्रॅम प्रतिलिटर असतो, ३० अंशाला ७.५६. उंचावर राहणाऱ्यांनी हवेच्या दाबाची दुरुस्ती करायची.

मासा चेंबरमध्ये सोडल्यावर पहिले काही तास दर २०० च्या वर होता. हाताळणीची धास्ती ती. अर्ध्या तासात वाचन घेऊन त्याला चयापचय म्हणणारे लोक खरं तर भीती मोजत असतात, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्रीतही सगळे आकडे सारखे नसतात, मासा मधूनच वळतो, पर हलवतो. मी सगळ्यात लहान आकडा उचलत नाही, कारण तो बऱ्याचदा प्रोबच्या थरथरीचा असतो. आकडे चढत्या क्रमाने लावून खालून वीस टक्क्यांवर जो येतो तो घेतो.

सुरक्षेची जोडणी मात्र कॉपी करण्यासारखी झाली आहे. धुण्याचा पंप रिलेच्या (कंट्रोलरने चालवलेल्या स्विचच्या) नॉर्मली क्लोज्ड टोकावर आहे, म्हणजे रिलेला इशारा नसताना जोडलेल्या टोकावर, त्यामुळे पंप चालू-बंद करणारा कंट्रोलर हँग होऊन रिले सुटला तर पंप चालूच राहतो. ऑक्सिजन ८० टक्क्यांखाली गेला की मोजणी अर्धवट सोडून धुणं सुरू. वीज गेली तर मात्र दोन्ही पंप बंद, आणि घाबरलेला मासा तासाला ७ मिलिग्रॅम प्रतिलिटर उतरवत असेल तर ८ वरून ३ वर यायला पाऊण तासही लागत नाही. यूपीएसशिवाय रात्रभर चालवू नका. गुरामी, फायटर असे हवा गिळणारे मासे तर या पूर्ण भरलेल्या चेंबरमध्ये घालूच नका, त्यांना पृष्ठभाग लागतो.

आता ज्या हिशेबाने माझीच झोप उडवली तो. माशाला दिवसाला ०.४ ग्रॅम खाद्य, त्यात ४० टक्के प्रथिनं. मत्स्यपालनातलं नेहमीचं सूत्र आहे: खाद्य गुणिले प्रथिनांचा अंश गुणिले ०.०९२, म्हणजे अमोनियातला एकूण नायट्रोजन. इथे तो येतो साधारण १५ मिलिग्रॅम, आणि बहुतेक कल्ल्यांवाटेच बाहेर पडतो. फिल्टरमधल्या जिवाणूंना एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला कागदावर ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे दिवसाला ६७ मिलिग्रॅम. आणि मासा विसाव्याच्या दराने दिवसभरात किती घेतो? ८७. फिल्टर जवळजवळ दुसऱ्या माशाइतका श्वास घेतोय! वर खाल्लेलं पचवण्याचा माशाचा जादा खर्च वेगळाच, खाल्ल्यावर काही तास दर चढलेला राहतो. एअर पंपाची निवड फक्त माशांच्या वजनावरून करणाऱ्यांनी हे एकदा मांडून बघावं.

हेच जिवाणू पाण्याची अल्कलिनिटीही (आम्ल झेलून पीएच टिकवण्याची ताकद) खातात, त्याच एका ग्रॅममागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ७.१४ ग्रॅम. ती संपत आली की पीएच घसरतो. उलट पीएच चढला तर अमोनिया घातक होतो: २५ अंशाला पीएच ७ असताना विषारी, आयन नसलेला हिस्सा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, ८ ला पाच टक्क्यांवर, ९ ला ३६ टक्के. त्यामुळे अमोनिया तपासायच्या किटवरचा हिरवा रंग पीएच सोबत लिहिल्याशिवाय माझ्या वहीत जात नाही.

पुढचा टप्पा खाऊ घातलेल्या माशाचा. दहा मिनिटांच्या मोजणीत अमोनिया इतका थोडा जमतो की किटला तो दिसणार नाही. म्हणून ६० लिटरच्या टाकीचा फिल्टर त्या दिवसापुरता काढून, दर तीन तासांनी टाकीतलंच पाणी तपासायचं ठरवलंय. सूत्राप्रमाणे दिवसअखेर ०.२५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास यायला हवं. किटची पायरीही तेवढीच असल्यामुळे कोणाकडे साधा फोटोमीटर (रंगाची गडदता आकड्यात मोजणारं यंत्र) जोडलेला असेल तर त्याची मांडणी टाका. ऑक्सिजनचा चढ आधी शिखराला जातो की अमोनियाचा, हे मला एकाच आलेखावर बघायचंय.