दिस्कितचा मैत्रेय, शेअर टॅक्सीने

लडाखमध्ये लेहहून निघणाऱ्या नुब्रा खोऱ्याच्या बहुतेक सहलींत दिस्कित गावाला जेमतेम पाऊण तास मिळतो. भर दुपारी मैत्रेय बुद्धाच्या मोठ्या मूर्तीपाशी उतरायचं, फोटो काढायचे आणि हुंडर गावच्या उंटांकडे पळायचं. मी आणि आईने हुंडरच्या तंबूंऐवजी दिस्कित गावातच मुक्काम केला. पैसे वाचलेच, पण मूर्ती खरी भेटली ती त्यामुळेच.

उंचीवरच्या विरळ हवेची सवय व्हावी म्हणून लेहमध्ये आधी दोन दिवस नुसते आराम करून काढा. इथे काटकसर नको. मग नुब्राची शेअर टॅक्सी. माणशी पाचशे रुपये दिले. अख्खी गाडी केली असती तर हजारोंत गेलं असतं. गाड्या सकाळी लवकर, सीट भरल्या की सुटतात, म्हणून आदल्या संध्याकाळीच स्टँडवर जाऊन नाव लिहून ठेवा आणि मधली सीट मागा. मागच्या सीटवर आईचे गुडघे धरले. वाटेतली खारदुंग ला ही खिंड साडेसतरा हजार फुटांवर आहे. तिथे दहा-पंधरा मिनिटांच्या वर रेंगाळू नका. दिस्कित मात्र लेहपेक्षा हजारेक फूट खाली, त्यामुळे रात्री झोप छान लागते.

होमस्टेत जेवणासकट राहिलो. घरातल्या आमा-लेंनी (लडाखीत आई) सकाळी खंबीर नावाची लडाखी रोटी आणि जर्दाळूचा जॅम दिला, आईने त्यांना खोबऱ्याच्या वड्या. दोघींची भाषा वेगळी, पण गप्पा थांबेनात.

सहाला चालत निघालो. गावातल्या मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांबलचक मणी-भिंतीजवळून जाताना भिंत उजव्या हाताला ठेवायची. चढ अंगावर येतो, दमानं घ्या. ऊन चढायच्या आत वर पोहोचलो तेव्हा मूर्तीपाशी आम्ही दोघंच.

32 मीटर उंच मैत्रेय बुद्ध, श्योक नदीच्या खोऱ्याकडे, पाकिस्तानच्या दिशेला तोंड करून बसलेला. 2010 साली दलाई लामांच्या हस्ते प्रतिष्ठापना झाली. मैत्रेय म्हणजे अजून यायचा असलेला बुद्ध. पाय खाली सोडून, जणू आता उठेल असा बसलाय. आई म्हणाली, "अरे, वेरूळला असाच बसलाय ना?" खरंच की! दहा नंबरच्या लेण्यातला बुद्धही असाच पाय सोडून बसलेला आहे. तिथे अंधारात, इथे उघड्या आभाळाखाली. तिला हे सुचलं याचा मला फार आनंद झाला.

मूळ गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, समोरच्या कड्याला बिलगून आहे, चौदाव्या शतकातला, तिबेटी बौद्धांच्या गेलुग पंथाचा. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण टाळू नका. मूर्ती सगळ्यात सुंदर तिथूनच दिसते. आत पूजा चालू असेल तर भिंतीकडेला गप बसा, फोटो विचारूनच काढा. तिकीट किरकोळ आहे, सुटे पैसे ठेवा. एटीएमच्या भरवशावर राहू नका, रोकड लेहमधूनच न्या. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. परवाना आणि पर्यावरण शुल्काचे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी तपासा आणि आधारच्या दोन झेरॉक्स जवळ असू द्या.

अकराच्या सुमारास लेहच्या गाड्या वर येऊ लागल्या. आम्ही उतरलो, बाजारात गरम थुक्पा (नूडल्सचं सूप) प्यायलो आणि परतीच्या सीटसाठी नाव लिहायला गेलो.