मोडक्या इंग्रजीच्या आसऱ्याने

अलेक्झांड्रियाच्या पोलीस दलाचा आठ जणांचा वाद्यवृंद एका अरब सांस्कृतिक केंद्राच्या उद्घाटनासाठी इस्रायलमध्ये येतो. विमानतळावर घ्यायला कोणी आलेले नसते, गावाच्या नावात घोटाळा होतो आणि पेताह तिकवाऐवजी ही मंडळी बेत हातिकवा नावाच्या, वाळवंटातल्या एका सुस्त वस्तीत उतरतात. पुढची बस दुसऱ्या दिवशी, आणि गावात हॉटेल नाही. एरान कोलिरिन यांच्या ‘द बँड्स व्हिजिट’ (२००७) या चित्रपटाचे कथानक एवढेच आहे. तरीही त्या एका रात्रीत ही माणसे परक्यांपुढे जे बोलतात, ते आपल्या माणसांपुढे त्यांनी कधी बोललेले नसावे, असे सतत वाटत राहते.

वाद्यवृंदाचे प्रमुख तौफिक हे शिस्तीचे, शब्द मोजून वापरणारे गृहस्थ आहेत, तर त्यांना आसरा देणारी, छोटी खानावळ चालवणारी दिना मनात येईल ते बोलून टाकते. एकाची भाषा अरबी, दुसरीची हिब्रू. उरते ती दोघांनाही बेताचीच येणारी इंग्रजी. मला या चित्रपटाचे मर्म याच इंग्रजीत दिसते. आडपडदा ठेवण्यासाठी, सारवासारव करण्यासाठी भाषेवर हुकमत लागते, आणि ती इथे कोणाकडेच नाही. म्हणून तौफिक जेव्हा मुलाच्या मृत्यूविषयी आणि त्यातल्या आपल्या दोषाविषयी सांगू लागतात, तेव्हा त्यांच्याजवळ साध्या, अपुऱ्या वाक्यांखेरीज काहीच नसते. त्याआधी बाकावर बसून वाद्यवृंदाचे संचालन करताना हात कसे फिरतात हे ते दाखवतात आणि दिनाही त्यांच्याबरोबर हात उचलते. सॅसन गॅबाई आणि रोनित एल्काबेत्झ यांनी हा प्रसंग इतक्या संयमाने केला आहे की प्रेम, सहानुभूती, मैत्री यांपैकी कोणतेही एक नाव त्याला द्यावेसे वाटत नाही.

दुसऱ्या घरात पाहुणे आणि यजमान यांच्यात जेवणाच्या टेबलावर अवघडलेपण आहे. तिथे सायमन या वादकाची एक रचना वर्षानुवर्षे अपुरी राहिलेली आहे. घरातला बेकार तरुण बाप आपल्या झोपलेल्या बाळाशेजारी बसून तिचा शेवट कसा असावा हे सुचवतो. मोठा गजर नको, फक्त एक लहान खोली आणि तिच्यातला एकटेपणा, असे त्याचे म्हणणे. संसारात राहूनही माणूस किती एकटा असू शकतो हे त्याने नकळत सांगितलेले असते.

इजिप्त आणि इस्रायल यांच्यात १९७९ साली शांतता करार झाला, पण सरकारांची शांतता लोकांपर्यंत पोहोचतेच असे नाही. चित्रपट राजकारणाविषयी अवाक्षर काढत नाही. मात्र लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या अरबी चित्रपटांची आठवण दिना काढते तेव्हा हे शेजार किती जुने आहे ते कळते. गॅबाई बगदादमध्ये जन्मलेले, एल्काबेत्झ मोरोक्कोतून आलेल्या ज्यू कुटुंबातल्या. चित्रीकरण झाले ते नेगेव्ह वाळवंटातल्या येरुहाम गावात, जे १९५० च्या दशकात स्थलांतरितांना वसवण्यासाठी उभारलेल्या गावांपैकी एक. तिथून जवळच्याच दिमोनामध्ये कोकणातून गेलेले मराठीभाषक बेने इस्रायल ज्यू मोठ्या संख्येने स्थायिक झाले. त्यामुळे त्या ओसाड रस्त्यांकडे मला सर्वस्वी परक्याच्या नजरेने पाहता येत नाही. घर मागे सोडून आलेल्यांच्याच या वस्त्या आहेत, आणि दिनाच्या कंटाळ्याच्या तळाशीही ते तुटलेपण असावे.

इस्रायलच्या ओफिर पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, म्हणजे ऑस्करसाठी देशाची प्रवेशिकाही हीच व्हायची होती. परंतु निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीत असल्याच्या कारणावरून परभाषिक चित्रपटांच्या विभागात तो अपात्र ठरवण्यात आला. नियम नियमाच्या जागी असेल, पण अरब आणि ज्यू माणसे ज्या एकमेव भाषेत एकमेकांशी बोलू शकली, तीच अपात्रतेचे कारण व्हावी, याचे मला आजही वाईट वाटते. त्याच्या जागी ‘बोफोर्ट’ पाठवला गेला, आणि तो लेबनॉनमधल्या एका किल्ल्यावर तैनात असलेल्या इस्रायली सैनिकांविषयीचा युद्धपट होता.